टक्के कुठले, महिन्याचे की वर्षाचे?

नमस्कार मंडळी. आज पैशाबद्दल बोलायचंय, पण कुठला शेअर घ्यावा, सोनं अजून वाढेल का, त्यातलं मी काही सांगणार नाहीये. आज फक्त टक्के. नवीन गुंतवणूक सुरू करणारा माणूस एनएव्ही, सीएजीआर, एक्स्पेन्स रेशो असलं काही ऐकलं की दचकतो आणि जपून वागतो, पण कुणी नुसतं "बारा टक्के" म्हटलं की लगेच मान डोलावतो, आणि नेमकं तिथंच त्याचे पैसे जातात.

गावाकडं कुणी म्हणालं ना की "दोन टक्क्यांनी पैसे उचललेत", तर ते दोन टक्के महिन्याचे असतात, शंभराला महिना दोन रुपये. म्हणजे वर्षाचे झाले चोवीस. बँकेचा माणूस अकरा टक्के म्हणतो ते वर्षाचे. ऐकणाऱ्याला दोन कमी वाटतात, अकरा जास्त वाटतात. क्रेडिट कार्डाचं पण तसंच, बिल पूर्ण भरलं नाही तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे ४२ झाले आणि व्याजावर व्याज धरलं तर ५१ च्या वर. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरलं की सुटलो असं वाटतं खूप जणांना. नाही हो, त्यानं फक्त लेट फी वाचते, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं.

माझ्या आतेभावानं मध्ये गाडीच्या लोनचं कोटेशन मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. एक लाख कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के, हप्ता ३,६११. खाली लिहिलेलं, "फ्लॅट". मी म्हटलं थांब जरा, सही करू नकोस. फ्लॅट म्हणजे काय, तर पूर्ण एक लाखावर तिन्ही वर्षं दहा-दहा हजार व्याज, एकूण तीस हजार, मग एक लाख तीस हजार भागिले छत्तीस. पण आपण तर दर महिन्याला मुद्दल फेडत असतो! तिसरं वर्ष लागेपर्यंत निम्म्याहून जास्त मुद्दल परत गेलेलं असतं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या एक लाखावरच चाललेलं. हेच कर्ज रिड्युसिंग पद्धतीनं, म्हणजे जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज, अशा दहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता बसतो साधारण ३,२२७ आणि तीन वर्षांचं व्याज सोळा हजारांच्या थोडं वर. म्हणजे त्या कोटेशनमधले दहा टक्के खरं तर जवळजवळ अठरा होते. आता यावर एक चांगला उपाय आलाय, १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असं कुठलंही किरकोळ कर्ज देताना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, आणि त्यात एपीआर, म्हणजे फी-बी सगळं धरून वर्षाचा खरा दर किती पडतो तो लिहावा लागतो. हा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. मराठीत मागा, बिनधास्त मागा, तो तुमचा हक्क आहे.

आता आपण पैसे गुंतवतो तेव्हा काय होतं बघा. "दहा वर्षांत डबल" असं ऐकलं की आपण मनात हिशोब करतो, शंभर टक्के भागिले दहा, वर्षाला दहा टक्के. चूक. चक्रवाढीनं दहा वर्षांत दुप्पट व्हायला फक्त ७.२ टक्के पुरतात. सोपी युक्ती आहे, ७२ ला वर्षांनी भागायचं, साधारण दर मिळतो. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा काळ एप्रिल २०२३ मध्ये ११५ महिने झाला, म्हणजे नऊ वर्षं सात महिने, आणि त्याचा दर साडेसात टक्के, जुळतं बघा. या वार्षिक चक्रवाढ दरालाच सीएजीआर म्हणतात, बाकी त्यात काही नाही. लग्नकार्यात एखादे काका सांगतात ना, आम्ही प्लॉट दोन लाखाला घेतला, वीस वर्षांनी आठ लाखाला गेला, चौपट! चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, दर दहा वर्षांनी एकदा, म्हणजे पुन्हा तेच ७.२ टक्के, आणि त्यातनं स्टॅम्प ड्युटी, कंपाउंडचा खर्च, घरपट्टी अजून वजा करायचीय. प्लॉट वाईट असतो असं मी म्हणत नाही, पण चौपट ऐकून भारावून जाऊ नका.

म्युच्युअल फंडात मला सगळ्यात जास्त कळवळून सांगावंसं वाटतं ते एक्स्पेन्स रेशोबद्दल. फंड चालवायचा खर्च म्हणून वर्षाला ठराविक टक्के कापतात, पण रोज थोडे थोडे एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, त्यामुळे स्टेटमेंटवर कापलेला रुपया कुठंच दिसत नाही. एक टक्क्यानं काय होतंय असं वाटतं ना? एक लाख वीस वर्षं बारा टक्क्यांनी वाढले तर होतात ९ लाख ६४ हजार, अकरानं वाढले तर ८ लाख ६ हजार. दीड लाखाहून जास्त फरक, म्हणजे सुरुवातीला घातलेल्या पैशापेक्षाही जास्त! १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो, त्यात वितरकाचं कमिशन नसतं म्हणून खर्च कमी. तुमचा सल्लागार खरंच मदत करत असेल तर रेग्युलर, म्हणजे कमिशनवाला प्लॅन घ्या, काही हरकत नाही, पण त्यासाठी आपण किती मोजतोय ते माहीत पाहिजे. आणि हो, एनएव्ही दहा रुपये म्हणजे फंड स्वस्त असं काही नसतं. दहा हजारात दहाच्या भावानं हजार युनिट येतील, पाचशेच्या भावानं वीस, दोन्ही फंड दहा टक्के वाढले तर दोन्हीकडं अकरा हजारच.

बातम्यांत "सेन्सेक्स हजार अंशांनी कोसळला" ऐकून छातीत धस्स होतं. सेन्सेक्स म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक. २८ एप्रिल १९९२ ला, हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर आल्यावर, सेन्सेक्स ५७० अंशांनी पडला होता. २३ मार्च २०२० ला, कोरोनाच्या भीतीनं, ३,९३४ अंशांनी. ऐकायला सातपट वाटतं, पण टक्क्यात बघा, पहिली पडझड पावणेतेराच्या आसपास, दुसरी तेराच्या किंचित वर. सारखीच. सेन्सेक्स ८०,००० वर असताना हजार अंश म्हणजे सव्वा टक्का.

शेवटी पतसंस्थेचं सांगते, कारण आपल्याकडं घराघरात तिथं पैसे असतात. बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून रिटायरमेंटचे सगळे पैसे तिथं ठेवणारे लोक मला माहीत आहेत. ते जास्तीचे टक्के फुकट नसतात. बँकेतल्या ठेवीवर डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्याच ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, मग ती सहकारी बँक असली तरी, पतसंस्थेतल्या ठेवीवर तो नसतो. आणि बँकेतही विम्याची मर्यादा पाच लाख, मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाच्या नावावरची एका बँकेतली सगळ्या शाखांमधली खाती एकत्र धरून. २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा एकच लाख होती, पाच लाख झाली ती ४ फेब्रुवारी २०२० पासून. तेव्हा घरात आई-बाबांच्या ठेवींच्या पावत्या असतील तर काढून बघा, वर नाव बँकेचं आहे की पतसंस्थेचं, आणि एकाच बँकेत पाच लाखांच्या वर किती आहेत. नमस्कार.