जरंडीची घळ: खालून चढलेला जंजाळा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात, सोयगावहून बनोटीच्या दिशेने जाताना, जरंडी नावाचे गाव लागते. गावाच्या दक्षिणेला कापसाची शेते जिथे संपतात, तिथेच डोंगर उभा राहतो. ही अजिंठ्याची रांग. मराठवाड्याचे पठार उत्तरेकडे सरकत सरकत येथपर्यंत येते आणि अचानक तुटते. खाली उरते ते तापीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारे खानदेशी मैदान. जरंडी, सोयगाव, बनोटी ही गावे प्रशासनाच्या दृष्टीने मराठवाड्यात असली, तरी त्यांचे पाणी मात्र तापीला मिळते.

या तुटलेल्या काठात पावसाच्या पाण्याने जागोजागी घळी कोरल्या आहेत. अजिंठ्याची वाघूर नदीची घळ जगाला ठाऊक आहे. जरंडीच्या मागची घळ तिच्या पश्चिमेला, सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आतच आहे. पण तिच्यात शिरणारा माणूस बहुधा शेळ्या राखणारा असतो. आज आपण या घळीतून घटोत्कच लेण्यांपर्यंत आणि तेथून जंजाळा किल्ल्याच्या माथ्यावर जाणार आहोत.

किल्ल्यावर जाण्याची सोपी वाटही आहे. सिल्लोडकडून उंडणगाव, अंभई या गावांवरून पठारावरच्या जंजाळा गावापर्यंत वाहन जाते आणि तेथून जवळजवळ सपाट चालत किल्ल्यात प्रवेश करता येतो. मी स्वतः पहिल्यांदा तसाच गेलो होतो. तटबंदी पाहिली, पडका महाल पाहिला आणि एवढ्या मोठ्या किल्ल्याची येथे गरज काय होती, हा प्रश्न तसाच घेऊन परतलो. पठारावरून आलेल्याला जंजाळा भुईकोटासारखा भासतो. तो गिरिदुर्ग आहे हे कळण्यासाठी खालून चढावे लागते.

वाटेची सुरुवात शेताच्या बांधावरून होते. थोड्याच वेळात साग आणि सीताफळाची झाडी लागते व मधूनमधून अंजनाची झाडे दिसू लागतात. अंजनाचे पान हातात घेऊन पाहावे. एकाच देठावर दोन दले, बाहेरच्या बाजूने गोल आणि आत एकमेकांना चिकटलेली, जणू पंख उघडून बसलेले फुलपाखरू. भर उन्हाळ्यात, जेव्हा डोंगरावर हिरवे काही उरत नाही, तेव्हा याच पाल्यावर परिसरातील गुरे तग धरतात. म्हणूनच अनेक झाडांच्या फांद्या वारंवार छाटलेल्या दिसतात.

पुढे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि वाट ओढ्यात उतरते. आता पायाखाली माती नाही, गोटे आहेत. पाण्याने गुळगुळीत केलेल्या या काळ्या दगडांत पांढरे ठिपके आणि काही ठिकाणी बारीक स्फटिकांनी भरलेले खळगे आढळतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. थंड होताना त्या रसातील वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि त्या पोकळ्यांत नंतर पाण्याबरोबर झिरपलेली खनिजे साचून स्फटिक झाले. घळीच्या भिंतीकडे मान वर करून पाहिले, तर तेच थर आडव्या पट्ट्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून उताराला लागतो. त्यामुळे सारी भिंत पायऱ्या-पायऱ्यांची झाली आहे. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा एक पातळ थर सापडतो. एक प्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरच्या दगडाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हा लाल थर मला घळीतल्या कोणत्याही धबधब्यापेक्षा अधिक गुंतवून ठेवतो.

याच ठिकाणी आम्हाला शेळ्या घेऊन उतरणारे एक काका भेटले. आम्ही आकाशाकडे पाहून पावसाचा अंदाज घेत होतो, तेव्हा ते म्हणाले, “दादा, इथलं आभाळ नका पाहू. वर पठारावर काळं झालं, की नाळेतून बाजूला व्हायचं.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. खाली ऊन असतानाही वर कोसळलेला पाऊस या अरुंद घळीत एकवटून येतो आणि ओढ्याचा लोंढा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून भर पावसाळ्यात ही वाट धरू नये. सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे ती सुरक्षित होते. मात्र हिवाळ्याच्या मध्यापर्यंत ओढा आटत जातो आणि पिण्याचे पाणी सोबतच न्यावे लागते. पाऊस संपल्यानंतर वाढलेल्या गवताची कुसळे पायमोज्यांतून आरपार जातात, तेव्हा पूर्ण कपडे हवेतच.

घळ जिथे मिटत येते, तिथे कातळाच्या पोटात घटोत्कच लेणी आहेत. नाव भीमाच्या पुत्राचे असले, तरी लेणी बौद्ध आहेत आणि महायान परंपरेतील आहेत. मुख्य लेण्यातील मंडप वीस खांबांचा असून मागच्या गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्ध विराजमान आहेत. आत पाऊल टाकताच वटवाघळांचा उग्र वास येतो, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग हळूहळू मूर्तीचा खांदा, हात, शेवटी चेहरा उलगडत जातो. टॉर्चचा झोत लगेच टाकू नये, एवढी माझी विनंती आहे.

येथे एक शिलालेख आहे. त्याचा काही भाग झिजला आहे, परंतु त्यातील नाव वाचले गेले आहे: वराहदेव. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या वाकाटक राजा हरिषेणाचा हा मंत्री. अजिंठ्याचे क्रमांक १६ चे लेणे त्यानेच कोरवून घेतले. ज्याने अजिंठ्यात एक भव्य विहार उभा केला, त्यालाच या आडवळणी घळीतही दुसरा विहार असावा असे का वाटले असेल? ओढ्यातून चढून आलेल्या माणसाला याचे उत्तर पायांनीच मिळालेले असते. पैठणच्या परिसरातून उत्तरेला उज्जैनकडे जाणारे जुने मार्ग या रांगेतील घाटांनी आणि नाळांनीच खाली उतरत होते. चढणीच्या अखेरीस पाणी, सावली आणि विसाव्याची जागा हवी असते, आणि या लेण्यांपाशी ती तिन्ही एकत्र आहेत. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, तरीही खांबांवर नावे कोरलेली पाहून मन खरोखर दुखते.

लेण्यांपासून वर जंजाळा गावाकडे पायऱ्या जातात. गावातून मक्याच्या शेतांच्या कडेने किल्ल्याच्या तटापर्यंत पोहोचतो. वैशागड या नावानेही ओळखला जाणारा हा किल्ला फार विस्तीर्ण आहे. आत तलाव आहे, पाण्याची टाकी आहेत, मशीद आहे, कमानी उरलेला महाल आहे आणि फारसी शिलालेख आहेत. झुडपे इतकी माजली आहेत, की तटबंदीचा मागोवा घेत फिरणेच शहाणपणाचे ठरते.

आपल्याला जायचे आहे ते उत्तरेच्या टोकावर. येथे जरंडी दरवाजा आहे. त्याच्या कमानीतून बाहेर पाहिले, की पायाखालची जमीन संपते. खाली आपण सकाळी सोडलेले गाव, कापसाच्या शेतांचे चौकोन आणि त्यापलीकडे पाचोरा, जळगावकडे पसरत गेलेले मैदान. पूर्वेला, मधल्या दऱ्यांच्या पलीकडे, वेताळवाडीच्या किल्ल्याचे बुरूज आणि पायथ्याच्या धरणाचे चकाकणारे पाणी. पठारावरून येताना जे कोडे सुटत नव्हते, ते या दरवाजात उभे राहिल्यावर सुटते: खानदेशातून वर येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल येथून दिसत होता, आणि शेजारच्या किल्ल्यालाही तो दिसत होता.

पाऊसही याच काठावर वाटला जातो. पठाराच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जाते. घळीत पडलेले पाणी तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते.

चार वाजून गेले आहेत. मैदानावर अजून लख्ख ऊन आहे, पण घळीत कड्याची सावली लेण्यांच्याही खाली उतरली आहे. अंधार पहिल्यांदा तिथेच पडतो, म्हणून आपण निघतो. खालून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वर ऐकू येत आहेत. काका अजून ओढ्यातच आहेत.