गुडघ्याचे दुखणेही सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

आपण ज्या गोळीला ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतो, ती खरे तर रक्त पातळ करीत नाही, तर रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांना ती दिली जाते. ती सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना काय सांगावे, हे मी हडपसरच्या एका मावशींकडून शिकलो.

या मावशी दरवर्षी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढी एकच वाटचाल करीत. ठोके अनियमित झाल्यामुळे मी त्यांना वॉरफरिन ही अशीच गोळी सुरू केली होती. त्या वर्षी दिवे घाट चढून सासवडला पोहोचेपर्यंत त्यांचे गुडघे इतके भरून आले, की त्यांनी पिशवीतली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली, आणि घरी परतल्यावरही ती दिवसातून दोनदा चालू ठेवली. चार-पाच दिवसांनी शौचाला डांबरासारखे काळे झाले. वारीतल्या खाण्यामुळे असेल, असे समजून त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना त्यांना भोवळ आली आणि सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. हिमोग्लोबिन 7 वर उतरले होते. आयएनआर, म्हणजे वॉरफरिनने रक्त गोठणे किती मंदावले हे दाखवणारा आकडा, मात्र 2.6, म्हणजे त्यांच्यासाठी ठरवलेल्या 2 ते 3 या मर्यादेतच होता. रिपोर्ट बरोबर असताना रक्तस्राव कसा झाला, हे घरच्यांना उमगेना. वेदनाशामक गोळीने जठराच्या अस्तराला इजा होते आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स या रक्तकणांचे कामही मंदावते. आयएनआरच्या आकड्यात यांपैकी काहीच दिसत नाही.

‘‘ही गोळी तुम्ही मला का सांगितली नाहीत?’’ असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुम्ही छातीचे. गुडघ्याचं तुम्हांला काय सांगायचं?’’ चूक त्यांची नव्हती. मी ‘दुसरी औषधे चालू आहेत का’ एवढेच विचारले होते, आणि दुखले की घ्यायची गोळी हे त्यांच्या लेखी औषधच नव्हते. तेव्हापासून मी रुग्णांना औषधांची अख्खी पिशवीच आणायला सांगतो. पाकिटावरचे नाव मराठीतही ठळक छापले पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण पिशवीत काय आहे हे वापरणाऱ्यालाच वाचता येत नाही.

तेव्हा पुन्हा सांगतो, पिशवी घेऊन जा: वेदनाशामक, अ‍ॅस्पिरिन, काढे, चूर्णे, सगळे दाखवा. पूर्वीचा अल्सर, मूळव्याध, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, ठरलेली शस्त्रक्रिया आणि दात काढायचा असल्यास तेही सांगा. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती आधी सांगा, कारण वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक-मेथी बंद करू नये, रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. वॉरफरिनऐवजी दिल्या जाणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी लागतेच.

गोळी चालू असताना शौचाला काळे झाले, लघवीतून रक्त गेले किंवा नाकातून येणारे रक्त थांबले नाही, तर वाट पाहू नका. डोक्याला मार लागला असेल, तर बाहेर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालय गाठा आणि तेथे पोहोचताच आपण ही गोळी घेतो, हे सर्वांत आधी सांगा.