काल्देरेता: फिलिपिन्सचा सणाचा रस्सा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी काल्देरेता या फिलिपिन्समधील पदार्थाविषयी बोलणार आहे. टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवलेले गोमांस, त्याला कलेजीने आलेला दाटपणा आणि सोबत बटाटा, गाजर, तांबडी ढोबळी मिरची व हिरवी ऑलिव्ह, असा हा पदार्थ आहे. गावच्या संताच्या फिएस्ताला, म्हणजे वार्षिक उत्सवाला, तो मोठ्या पातेल्यात रांधला जातो आणि भातासोबत वाढला जातो.

त्याचे नाव स्पॅनिश भाषेतून आले आहे. काल्देरा म्हणजे मोठी कढई किंवा हंडा, आणि त्यात शिजवलेली ती काल्देरेता. फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता १५६५ पासून १८९८ पर्यंत होती, आणि त्यातील पहिली अडीचशे वर्षे मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांमध्ये गलबतांची ये-जा चालू होती. टोमॅटो आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील पिके आहेत, बटाटाही तिथलाच. पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे ‘बटाटा’ हा शब्द रुळला, तसा स्पॅनिशांमुळे तिकडे ‘पातातास’ रुळला. कांद्याला तिथे ‘सिबुयास’ म्हणतात, तोही स्पॅनिशच. मांसाची नावे मात्र दोन वाटांनी आलेली आहेत. गोमांसाला म्हणतात ‘बाका’, हा शब्द स्पॅनिश. बोकडाला म्हणतात ‘कांबिंग’, हा शब्द मलाय भाषेतही आहे. काल्देरेता पूर्वापार बोकडाचाच करीत, आणि आजही अनेक गावांत तोच अस्सल मानला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे, त्यामुळे इथल्या श्रोत्यांनी तो बोकडाच्या किंवा म्हशीच्या मांसाचा करावा. बोकडाचा केल्यास ती तडजोड ठरत नाही, उलट तो मूळ रीतीच्या अधिक जवळ जातो.

दुबईतील नोकरीच्या काळात माझ्या शेजारी बातांगास प्रांतातील एक बाई राहत असत. त्यांना सगळे ‘आते’ म्हणत. तागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. माझ्या मराठी कानाला मात्र त्यात आत्याच ऐकू येई, आणि स्वयंपाकघरातील त्यांचा अधिकार पाहता मला ते नाते अधिक शोभणारे वाटे. मी पहिल्यांदा केलेला काल्देरेता त्यांना नेऊन दिला, तेव्हा मांस अगदी मऊ होते, कारण मी कुकरच्या शिट्ट्या मोजून घेतल्या होत्या. परंतु रस्सा पाण्यासारखा वेगळा पडला होता. मांस शिजणे आणि रस्सा आटणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही, हे त्यांनी मला शिकवले.

पहिल्या कामासाठी मांस मुद्दाम चिवट निवडावे लागते. खांद्याचे किंवा नडगीचे मांस घ्यावे, कारण जनावराच्या ज्या भागांना सतत श्रम पडतात, तिथल्या स्नायूंमध्ये कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे पापुद्रे अधिक असतात. ओलाव्यात आणि मंद उष्णतेत बराच वेळ राहिल्यावर त्यांचे जिलेटिन होते आणि तेच रश्श्याला गुळगुळीत अंग देते. महागडे कोवळे मांस इथे वाया जाते. एक किलो मांसाचे दीड-दोन इंचांचे तुकडे करून ते पाव वाटी सोया सॉस आणि एका लिंबाच्या रसात तासभर मुरवावे. तिकडे कालामान्सी नावाचे सुपारीएवढे लिंबू वापरतात. आपल्या कागदी लिंबाने काम भागते.

मुरलेले तुकडे निथळून, कोरडे करून, गरम तेलात थोडे थोडे परतावेत. सगळे एकदम टाकल्यास पाणी सुटते आणि मांस खरपूस होण्याऐवजी उकडते. त्याच तेलात सहा-सात लसूण पाकळ्या, दोन कांदे आणि चार टोमॅटो परतावेत, मांस परत घालावे, दोन चमचे टोमॅटो पेस्ट, दोन लाल मिरच्या आणि मांस बुडेल इतके गरम पाणी घालावे. त्यात तेजपत्त्यासारखे दिसणारे लॉरेलचे पान पडते. मात्र आपल्या तमालपत्राला लांबीच्या दिशेने तीन शिरा असतात आणि त्याचा वास दालचिनीच्या कुळातला असतो, तर लॉरेलच्या पानाला मधली एकच शीर असते आणि वास निराळा. लॉरेल मिळाले नाही तर तमालपत्राने चव बदलेल, हे गृहीत धरून ते अर्धेच घालावे. यानंतर पातेल्यावर झाकण ठेवून आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडाच यावा. खदखदत्या पाण्यात मांसाचे तंतू आखडतात आणि कोरडे पडतात. घाई असेल तर कुकर वापरण्यास हरकत नाही, मात्र नंतर सगळे उघड्या पातेल्यात काढून घ्यावे.

आता दुसरे काम. मांस बोटाने दाबल्यावर तुटू लागले की झाकण काढावे आणि रस्सा निम्म्यापर्यंत आटू द्यावा. बटाटा आणि गाजराच्या फोडी वेगळ्या तळून घ्याव्यात आणि याच वेळी घालाव्यात. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा बटाटा लवकर शिजत नाही, आणि तळल्याने फोडी अखंडही राहतात. त्यानंतर कलेजी. तिकडे बहुतेक घरांत ती डब्यात तयार वाटलेली मिळते. आपण मटणाच्या दुकानातून शंभर ग्रॅम ताजी आणावी, तेलात परतावी, बारीक वाटावी, वाटणात वाटीभर गरम रस्सा मिसळून ते सैल करावे आणि मगच पातेल्यात ओतावे, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. ढोबळी मिरची, दहा-बारा ऑलिव्ह आणि आवडत असल्यास मूठभर किसलेले चीज शेवटच्या दहा मिनिटांत घालावे. सोया सॉस, ऑलिव्ह आणि चीज हे तिन्ही खारट असल्याने मीठ त्यांच्यानंतरच चाखून घालावे. आते यात शेंगदाण्याचे लोणी एक चमचा घालीत. शेजारच्या प्रांतातील बायकांना ते पसंत नव्हते, मला मात्र फार आवडले.

पदार्थ झाला हे कसे ओळखावे, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी ‘नाग्मामान्तिका’ हा शब्द सांगितला. त्याचा अर्थ, कडेने तेल सुटू लागले आहे. आमच्या घरी रश्श्याची हीच खूण आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी पळी माझ्या हातात दिली.

उरलेला काल्देरेता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास थिजतो. मांस योग्य निवडल्याची ती खूण आहे. दुसऱ्या दिवशी वरची चरबी हवी तेवढी काढून, थोडे गरम पाणी घालून तो मंद आचेवर ढवळत गरम करावा, कारण कलेजी आणि चीज तळाला लवकर लागतात, आणि पहिल्या दिवशीपेक्षा अधिक मुरलेला हा रस्सा गरम भातावर वाढावा.