बोटीच्या आधीचा रस्ता

नमस्कार मंडळी. मला अलास्काच्या क्रूझवर बोलायला बोलावलंय, पण खरं सांगू का, बोटीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. एकदा चढलात की जेवणापासून हिमनद्यांपर्यंत सगळं ते लोक बघतात. मी व्हँकूव्हरजवळ राहते. दर उन्हाळ्यात कुणाची तरी मावशी, कुणाचे तरी काका बोटीआधी आमच्याकडे उतरतात आणि म्हणतात, 'एवढे लांब आलोय, तर रॉकीज पण उरकून घेऊ.' ते 'उरकून' माझ्या डोक्यात जातं. म्हणून आज रॉकीजच्या डोंगरातून बोटीपर्यंत यायच्या रस्त्यावरच बोलते.

बहुतेक जण व्हँकूव्हरला उतरतात, गाडीनं रॉकीजमधल्या बॅन्फला जातात आणि त्याच रस्त्यानं परत येतात. कशाला? सरळ कॅल्गरीला उतरा. तिथून बॅन्फ १३० किलोमीटर, दीड तासात पोचता. मग डोंगरातून समुद्राकडे यायचं. कॅल्गरी ते व्हँकूव्हर साधारण ९७० किलोमीटर, म्हणजे मुंबई-बंगळूर म्हणा. एका गावात घेतलेली गाडी दुसऱ्या गावात सोडली की वेगळे पैसे लागतात आणि आकडा बघून धक्का बसू शकतो, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून घ्या. तरीही परतीचं पेट्रोल आणि हॉटेलं वाचतात, हे विसरू नका.

आता तारीख. मे महिन्यात बोट स्वस्त मिळते, म्हणून आपली माणसं मे पकडतात. एक मावशी अशाच आल्या होत्या. बॅन्फजवळच्या लेक लुईझ या तळ्याच्या काठावर उभ्या राहिल्या, पर्समधून छापील फोटो काढला, एकदा फोटोकडे आणि एकदा समोर बघितलं. समोर पांढरं मैदान! 'अगं, तळं कुठंय?' तळं तेच होतं, बर्फाखाली. ते सुटतं साधारण जूनच्या सुरुवातीला. आणि तो निळा-हिरवा रंग येतो हिमनदीनं खडक दळून केलेल्या पिठामुळे. जात्यातून पडतं तसं बारीक पीठ, पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड पसरवतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून ते पीठ पाण्यात उतरलं की खरा रंग चढतो. त्यामुळे रंगासाठी येणार असाल तर जूनचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. ऑगस्टमध्ये वणव्याचा धूर असू शकतो, ती जोखीम आहेच. तिथल्याच मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, शटल आधी बुक करावी लागते.

उत्तरेकडच्या जॅस्पर गावाचं काय, हा प्रश्न येणारच. लेक लुईझ ते जॅस्पर हा २३० किलोमीटरचा रस्ता माझ्या मते जगातल्या सगळ्यात सुंदर रस्त्यांपैकी एक. पण चारच दिवस असतील तर जॅस्पर सोडा. २०२४ च्या वणव्यात गावाचा बराच भाग जळला, पण मी सोडा म्हणते ते त्यासाठी नाही, अंतरासाठी. त्या रस्त्यावर पेयटो लेकपर्यंत, फार तर कोलंबिया आइसफील्डपर्यंत जाऊन परत फिरा. लेक लुईझलाच टाकी भरून घ्या, पुढे पंप जवळजवळ नाहीत. मोबाइललाही बहुतेक ठिकाणी रेंज नाही.

तिथून पश्चिमेला निघालात की फील्ड गावाआधी स्पायरल टनेल्सच्या पॉइंटवर थांबा. रेल्वेचा चढ फार तीव्र होता, म्हणून १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात दोन वळसेदार बोगदे काढले. लांब मालगाडी आली तर इंजिन बोगद्यातून बाहेर पडलेलं आणि शेपूट अजून वरच्या तोंडातून आत शिरतंय, असं एकाच वेळी दिसतं. आमच्या एका काकांनी त्यासाठी पाऊण तास वाट बघितली, काकू गाडीत चिडून बसल्या होत्या. गाडी आली तेव्हा पहिल्यांदा काकूच धावल्या.

पुढे रॉजर्स पास ही खिंड. उंची १,३३० मीटर, म्हणजे जेमतेम आपल्या महाबळेश्वरएवढी. पण हिवाळ्यात तिथे इतका बर्फ पडतो की हिमकडे रस्त्यावर कोसळू नयेत म्हणून कॅनडाचं सैन्य तोफा डागून बर्फ आधीच पाडतं. खिंडीआधीचं गोल्डन गाव सोडल्यावर या भागात घड्याळ एक तास मागे जातं, हॉटेलच्या वेळा धरताना लक्षात ठेवा. मुक्काम रेव्हलस्टोक किंवा कॅमलूप्सला करा. कॅमलूप्सला पोचेपर्यंत हिरवं जंगल संपून डोंगर कोरडे, पिवळट झालेले असतात. मला तो बदलच आवडतो, पाहुण्यांना मात्र आवडत नाही.

आणि आता ज्यासाठी मी उभी आहे ते. या रस्त्याला समांतर दुसरा रस्ता कित्येक ठिकाणी नाहीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये पुरानं कॅमलूप्सकडून व्हँकूव्हरकडे येणारा कोक्विहाला महामार्ग जागोजागी वाहून गेला, तेव्हा व्हँकूव्हर काही दिवस बाकी देशापासून रस्त्यानं तुटलं होतं. एवढं मोठं दरवेळी होत नाही, पण एक ट्रक उलटला तरी चार तास जागेवर. माझी नणंद आणि तिचे यजमान असेच गोल्डनच्या अलीकडे अडकले. इंजिन बंद, पुढे-मागे गाड्यांची रांग, लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेले. भावजी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. बोट परवा दुपारची होती, म्हणून निभावलं. तीच बोट दुसऱ्या दिवशीची असती तर पुढची सातशेएक किलोमीटर त्यांनी रात्रभर चालवली असती, आणि त्या रस्त्यावर रात्री हरणं येतात.

म्हणून बोटीच्या आदल्या दिवशी काहीही ठरवू नका. व्हँकूव्हरला आदल्या दुपारपर्यंत पोचा, गाडी परत करा, कपडे धुवा. चेक-इन बोट सुटायच्या बरंच आधी बंद होतं आणि अमेरिकेचं इमिग्रेशनही बोट सुटते त्या कॅनडा प्लेसच्या धक्क्यावरच होतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसा लागतात. कॅनडाचा मल्टिपल एन्ट्रीच घ्या.

मेट्रोच्या वॉटरफ्रंट स्टेशनवरून कॅनडा प्लेस चालत पाच मिनिटांवर आहे. पण दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा, तिथे पैसे वाचवू नका. बॅगांना बोटीची लेबलं आदल्या रात्रीच लावा. बीपीच्या गोळ्या मात्र हातातल्या पिशवीत, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. चला, विचारा आता काय विचारायचं ते.