सिझर झालेल्या बाईला काय विचारायचं?

(आशाताई, परिचारिका आणि गरोदर बायकांच्या घरच्यांसमोर एका भूलतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भूल देणाऱ्या डॉक्टरला बोलायला बोलावलं की पुढच्या रांगेतून कुणीतरी हमखास म्हणतं, 'मॅडम, आम्हाला झोपवू नका हं.' नाही झोपवत. हल्ली बहुतेक सिझरमध्ये आम्ही बाईलाही झोपवत नाही. ती पूर्ण जागी असते, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या जागेपणाभोवतीच आहे.

सिझरच्या दुसऱ्या दिवशी राउंड होतो. डॉक्टर कॉटपाशी येऊन उभ्या उभ्या विचारतात, 'काय, बरंय ना?' ती म्हणते, 'हो.' घरी जाताना फॉर्म भरून घेतात, त्यात भूल कशी होती, तर 'उत्तम'. मला हा 'हो' आणि हे 'उत्तम' जमेस धरावंसं वाटत नाही. बाई खोटं बोलते असं नाही. शेजारी धडधाकट बाळ आहे, उशाशी सासूबाई बसल्यात, डॉक्टर निघायच्या घाईत आहेत, त्यात रात्रभर टाक्यांनी जीव नको केला हे ती कुठे सांगणार? बाळ नीट असलं की आई स्वतःचं सगळं माफ करून टाकते. म्हणून 'समाधानी आहात का?' असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. काय विचारायचं, त्याकडे मी येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली, २०१९ ते २०२१. त्यात देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात. महाराष्ट्रात २५.४ टक्के, गोव्यात ३९.५ टक्के. देशभरातली नुसती खासगी रुग्णालयं धरली तर ४७.४ टक्के. इतकी सिझर लागतात का, हा वाद मोठा आहे, तो आज उकरत नाही. माझा मुद्दा एवढाच की आता जवळजवळ प्रत्येक घरात सिझर झालेली एखादी बाई आहे, आणि तरी आत काय होतं हे तिला आधी सांगण्याची पद्धत मात्र आपल्याकडे पडलेली नाही. तिला माहिती मिळते ती जावेकडून किंवा शेजारणीकडून, आणि ती बहुतेक घाबरवणारीच असते.

तर आत काय होतं? टेबलावर बसवतात, नाहीतर कुशीवर घेतात. 'गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ बाहेर काढा.' नऊ महिन्यांचं पोट घेऊन ही कसरत करायची म्हणजे काय, ते तिलाच माहीत. स्पिरिटचा गारवा लागतो, कमरेत बारीक सुई जाते, आणि मिनिटभरात पाय गरम आणि जड व्हायला लागतात. मग भूलतज्ज्ञ गार बोळा किंवा बर्फ लावत वर वर जातात, 'इथे गार लागतंय का? इथे?' हा गारवा पार छातीपर्यंत कळेनासा झाला पाहिजे. नुसतं पोट बधिर होऊन भागत नाही, कारण पोटाच्या आतल्या पडद्याच्या नसा वरून येतात.

आता खरी गंमत. दुखणं जातं, पण स्पर्श पुरता जात नाही. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं. बाळ काढताना पोटाच्या वरच्या बाजूला जोर देतात, तेव्हा छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. हे आधी सांगितलेलं असलं तर ती म्हणते, 'हां, मॅडम म्हणाल्या होत्या.' सांगितलेलं नसलं तर तिला वाटतं भूल उतरली आणि आता आपल्याला जिवंतपणी कापतायत. शस्त्रक्रिया तीच, औषध तेच. दोघी बायका बाहेर येऊन सांगतात त्या गोष्टी मात्र निरनिराळ्या. आणि एक लक्षात ठेवा, ओढल्यासारखं वाटणं वेगळं आणि दुखणं वेगळं. दुखलं तर तिनं 'दुखतंय' असं म्हणायचं आणि आम्ही ऐकायचं. 'थोडं सहन करा' हे उत्तर नाही. वरून औषध देता येतं, वेळ पडली तर पूर्ण भूल देता येते.

मळमळलं, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेही लगेच बोलायचं. कमरेच्या भुलीनं रक्तदाब झपकन उतरतो, त्याची ही पहिली खूण. त्यावर औषध हाताशी भरून ठेवलेलंच असतं. थंडी वाजून दात कडकड वाजतात, तेही बऱ्याच जणींना होतं. ती काही तापाची हुडहुडी नाही. पांघरूण घालायचं, गरम हवेचा पाइप असेल तर लावायचा.

परिचारिका बसल्या आहेत म्हणून मुद्दाम सांगते, ती सगळं ऐकत असते. पडद्यापलीकडे कुणाची बदली झाली, मॅचचा स्कोअर काय, कुणाचा फोन आला. आणि मध्येच कुणी 'अरे, इथून जास्तच रक्त येतंय' म्हणालं की तिच्या काळजाचा ठोका चुकतो. ते वाक्य तिच्या कायमचं लक्षात राहतं. अशा वेळी डोक्याशी बसून तिच्याशी बोलणारं एक माणूस हवं. हे काम भूलतज्ज्ञाचंच, पण सिस्टरनं केलं तरी चालतं.

आता त्या प्रश्नांकडे. अलीकडच्या काही वर्षांत परदेशातल्या भूलतज्ज्ञांनी बाळंतपणानंतरच्या सुधारणेसाठी एक प्रश्नावली बसवली. पहिल्यांदा अकरा प्रश्न होते, आता दहा केलेत. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. दुखतंय का, मळमळतंय का, चक्कर येते का, थंडी वाजते का, हे तर आहेच. मला आवडतो तो पुढचा भाग. बाळाला कुणाच्या मदतीशिवाय उचलून धरता येतं का? पाजता येतं का? स्वतःचं स्वतः उठून चालता येतं का? अंघोळ-स्वच्छता जमते का? सगळं आपल्या हातात आहे असं वाटतं का? एका बाईनं फॉर्मवर सगळीकडे 'उत्तम' लिहिलं होतं. तिला विचारलं, बाळाला कसं घेता? म्हणाली, 'आई देते उचलून. मला कुशीवर वळता येत नाही.' रात्री? 'रात्री आई झोपली की मी रडू देते थोडा वेळ.' दुखण्याचं औषध शेवटचं कधी घेतलं, तर आदल्या संध्याकाळी. मागितलं का नाही? 'दुधातून बाळाला जाईल ना.'

हे 'दुधातून जाईल' प्रकरण आपल्याकडे फार खोलवर रुजलंय. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात, दुधात उतरतात ते अगदी किंचित. रक्तदाब, मूत्रपिंड, रक्तस्राव, पोटातला अल्सर किंवा दमा यांपैकी काही असेल तर डायक्लोफेनॅकचं डॉक्टर ठरवतील. पण पॅरासिटामॉल पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून द्यायचं असतं, दुखल्यावर मागायचं नसतं. दुखणं एकदा चढलं की ते उतरवायला जास्त औषध लागतं. आणि दुखत असेल तर ती नीट बसत नाही, बाळ नीट धरत नाही, मग दूध येत नाही म्हणून घरचे वरचं दूध सुरू करतात. बोल कुणाला? तिला.

कमरेतल्या इंजेक्शनमध्येच थोडं मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं दुखणं मारणारं औषध, घातलं, अगदी एक दशांश मिलिग्रॅम, तर पहिली रात्र बरीच सुसह्य जाते. अंगाला खाज सुटते काहींना, लक्ष ठेवावं लागतं. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवण्याची कटकट इतकी होती की लहान रुग्णालयांनी तो नादच सोडला. २०१४ साली कायदा सैल केला, सवय मात्र तशीच राहिली. मॉर्फिन मिळत नसेल तर पोटाच्या स्नायूंच्या थरात दोन बाजूंना बधिर करणारं इंजेक्शन देता येतं. तुमच्या रुग्णालयात काय मिळतं, ते आधीच विचारून घ्या.

खाण्यापिण्याचं. 'गॅस सुटला का?' हा आपल्या वॉर्डातला लाडका प्रश्न. गॅस सुटेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, असा जुना दंडक. कमरेतून भूल दिलेली असेल आणि गुंतागुंत नसेल तर इतकं थांबायची गरज नाही. काही तासांत पाणी, चहा, पेज, मग साधं जेवण देता येतं, लघवीची नळी लवकर काढता येते, आणि पाय नीट हलायला लागले की कुणाला तरी धरून त्याच दिवशी चालवता येतं. हे मी मनचं सांगत नाही, जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांत आता हेच आहे. डॉक्टरांना विचारून करायचं, हे अर्थातच.

घरी गेल्यावरचं पाणी तोडणं मात्र मला अजिबात मान्य नाही. 'पाणी प्यायलं की पोट सुटतं' म्हणून बाळंतिणीला घोट-घोट पाणी देणारी घरं अजून आहेत. आपल्या देशात बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे जे प्रकार दिसतात, त्यामागे शरीरात पाणी कमी पडणं हेही एक कारण म्हणून डॉक्टर बोट दाखवतात. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर खुशाल द्या. पाणीही द्या.

कमरेतल्या भुलीनंतरच्या डोकेदुखीबद्दल सगळ्यांनाच विचारायचं असतं. तिचा इतिहास मजेशीर आहे. १८९८ साली जर्मनीत आउगुस्ट बीअर या सर्जननं ही पाठीची भूल आणली आणि आपल्या सहायकाबरोबर ती स्वतःवरच करून पाहिली. नंतर कित्येक दिवस तो डोकं धरून अंथरुणात होता. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून हे होतं. आता सुया फार बारीक आल्यात, पेन्सिलच्या टोकाच्या सुईनं तर हा त्रास बराच कमी होतो. खूण अशी, की उठून बसलं की दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. चोवीस तास उशी न देता सपाट निजवून ती टळते, हा समज चाचण्यांमध्ये टिकलेला नाही. उशी द्या बाईला. डोकेदुखी झालीच आणि औषधांनी हटली नाही, तर तिचंच थोडं रक्त काढून पाठीत योग्य जागी सोडतात, बहुतेक जणींना झटकन आराम पडतो. पण आडवं पडूनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर, झटका, वाढलेला रक्तदाब, यातलं काही दिसलं तर भुलीवर ढकलून घरी बसू नका. त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आणि कंबरदुखी? 'सुई टोचली तेव्हापासून कंबर गेली' हे मला लग्नकार्यातसुद्धा ऐकावं लागतं. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, खरं आहे. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापर मात्र सुईवर फोडता येत नाही. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, नंतर वाकून बाळ उचलणं, मांडी घालून तासन्‌तास पाजणं.

शेवटी आमच्या धंद्यातली एक अडचण. लहान गावात भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचा नसतो. सकाळी इथे, दुपारी तिथे, रात्री तिसरीकडे. भूल दिली, बाई बाहेर आली, की तो निघाला. दुसऱ्या दिवशी तिला तो बघतच नाही, त्यामुळे आपली भूल कशी झाली हे त्याला कळत नाही. कागदावर त्याचं नाव असतं, पण बाईला ते माहीत नसतं. माझं म्हणणं, नाव विचारून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. दुसऱ्या दिवशी त्याला निदान फोन करायला लावा.

आशाताई, तुमच्याकडे गृहभेटीचा फॉर्म आहे. त्यात बाळाचं वजन, ताप, नाळ, सगळं आहे. सिझर झालेल्या बाईकडे सातव्या दिवशी गेलात की बाळ तपासून झाल्यावर पाच मिनिटं तिच्याजवळ बसा, जमलं तर सासूबाईंना चहा ठेवायला पाठवून. बाळाला एकटीनं उचलता का, रात्री मदतीला कुणाला किती वेळा उठवावं लागतं, गोळी शेवटची कधी घेतली, पाणी किती पिता, बसल्यावर डोकं दुखतं का, आणि आत टेबलावर असताना काही दुखलं होतं का. शेवटच्या प्रश्नाला बायका कधी कधी रडतात. रडू द्या, आणि काय म्हणाली ते लिहून तिच्या डॉक्टरांपर्यंत पोचवा.

विचारा आता, कुणाला काही विचारायचं असेल तर.