आईबरोबर गालील ते यरुशलेम

श्रोतेहो, नमस्कार.

आम्हां मिरजकरांना यात्रेचं नवल नाही. आषाढी आली की पंढरपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि उरुसाला दर्ग्याभोवती सगळं गाव लोटतं. आम्ही ख्रिस्ती, त्यातही प्रॉटेस्टंट. आमच्यात यात्रेचं बंधन नाही आणि तीर्थाचं पुण्यही नाही. तरी पवित्र भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, असं आईच्या मनात फार वर्षांपासून होतं. निवृत्तीच्या पैशांतले काही तिनं त्यासाठी बाजूला ठेवले होते, हे मला तिच्या पासपोर्टचा फॉर्म भरताना कळलं. ही करोनाच्या आधीची गोष्ट. परदेश आम्हां दोघांनाही नवाच होता.

आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. सर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानानं जॉर्डनची राजधानी अम्मान. सोबत आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि चर्चच्या मंडळीतली माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कडा झिजलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.

पहिला मुक्काम नबो डोंगराचा. याच डोंगरावरून मोशेला वचनदत्त देश दाखवला, पण आत जाऊ दिलं नाही, असं शास्त्रात आहे. समोर खाली यार्देन नदीचं खोरं आणि मृत समुद्र, पलीकडे धुरकट डोंगररांगा. आईनं बराच वेळ तिकडे पाहिलं आणि पाळकसाहेबांना विचारलं, "मोशेला इथनंच परत पाठवलं. आपले कागद नीट आहेत ना?" दुसऱ्या दिवशी इस्रायलच्या सीमेवरच्या लांबलचक तपासणीत हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, पण हसू कुणालाच येत नव्हतं. एकाच्या बॅगेत भजनाचे टाळ निघाले. तिथल्या तरुण शिपायानं ते उलटेसुलटे करून पाहिले, एकदा वाजवले आणि परत दिले.

यार्देन पाहून मी जरा हिरमुसलो. आयर्विन पुलावरून कृष्णा पाहत वाढलेल्या माणसाला ती ओढ्यासारखी वाटते. इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया, तिघांनीही तिचं आणि तिच्या उपनद्यांचं पाणी वरच्या वर उचललंय. पाणीवाटपाचं दुखणं आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. शेजारच्या काकूंनी काशीच्या गंगाजलासारखं यार्देनचं पाणी आणायला सांगितलं होतं. आईचा पाण्यावर विश्वास नाही, पण काकूंवर आहे. तिनं बाटली भरून घेतली, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि कपड्यांच्या मधोमध ठेवली.

गालीलचा समुद्र म्हणतात तो खरं तर गोड्या पाण्याचा तलाव. लांबी साधारण 21 किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून खाली. तिथल्या जेवणात 'संत पेत्राचा मासा' मिळतो; पेत्र म्हणजे येशूचा कोळी शिष्य. यात्रेकरू तो मोठ्या भक्तीनं मागवतात. ताट समोर आलं आणि आई म्हणाली, "अरे, ही तर चिलापी!" खरंच. उजनी धरणातून आपल्या बाजारात येणारी चिलापी त्याच जातकुळीतली. मग बायकांनी मसाल्यावाचून चाललेल्या त्या माशाची जी कीव केली, ती पेत्रानं ऐकायला हवी होती.

तलावाकाठच्या कफर्णहूम गावाच्या अवशेषांत गेलो तर घरांच्या पाया-भिंती काळ्या दगडाच्या. बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा दगड. तिथलाही लाव्हारसातूनच झालेला. ज्यूंच्या सभास्थानाचे खांब तेवढे पांढऱ्या चुनखडीचे. 1986 साली दुष्काळात तलावाचं पाणी हटलं तेव्हा गाळात येशूच्या काळातली लाकडी होडी सापडली, ती जवळच जपून ठेवलीय. सव्वाआठ मीटरची. सोन्यारुप्याच्या समयांपेक्षा मला ती जास्त खरी वाटली.

बेथलेहेमच्या, येशूच्या जन्मस्थानावरच्या चर्चचा दरवाजा जेमतेम चार फुटांचा, सगळ्यांना वाकूनच जावं लागतं. आई गुडघ्यांमुळे आधीच वाकलेली, तिला फारसं काही करावं लागलं नाही.

यरुशलेमात येशूच्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये मात्र मी कंटाळलो, हे सांगून टाकतो. सहा पंथांनी वाटून घेतलेली वास्तू, प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरलेली, आणि आत ढकलाढकली. दाराची किल्ली मात्र शतकानुशतकं एका मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. आमच्या गाइडनं हे मोठं आश्चर्य म्हणून सांगितलं. आम्ही मिरजेचे. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, असतो. आईनं नुसती मान डोलावली.

ती थांबली ती बेथेस्दाच्या तळ्यापाशी. शेजारी संत अ‍ॅनाचं बाराव्या शतकातलं दगडी चर्च आहे, तिथं आवाज इतका घुमतो की देशोदेशीचे यात्रेकरू मुद्दाम गायला येतात. आमच्या मंडळींनी टाळ काढून मराठी भजन धरलं. मला वाटलं होतं, आई पुढे उभी राहील. घरात तिचाच आवाज चांगला. ती बाहेर तळ्याच्या कठड्यावर बसली होती. खाली खोल खणलेले अवशेष, तुटक्या कमानी. योहानाच्या शुभवर्तमानात या तळ्याला पाच पडव्या सांगितल्यात, त्यांत आजारी माणसं पडून असायची. त्यातला अडतीस वर्षं आजारी असलेला एक दुखणाईत येशूला सांगतो, की मला पाण्यात उतरवायला कुणी माणूस नाही.

"अशी माणसं असतात रे," आई म्हणाली. "वॉर्डात दर महिन्याला एखादं असायचंच. ऑपरेशन होतं, औषध मिळतं, पण डबा आणणारं कुणी नसतं. शेजारच्या खाटेवर घरचं जेवण आलं की तोंड भिंतीकडं करून पडतात." मग तिनं एकेका खाटेचं सांगायला सुरुवात केली. कुठली माणसं, किती वर्षांपूर्वीची, कुणाला काय आवडायचं. तिची नोकरी मी जन्मापासून पाहत होतो, पण यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आतलं भजन संपलं, दुसरं सुरू झालं, आमची बस निघायची वेळ झाली तरी ती पंचवीस नंबरच्या खाटेवरच होती.

परत आल्यावर पाळकसाहेबांनी तिला रविवारी साक्ष द्यायला सांगितलं. मंडळींना येशूला क्रुसावर दिलं ती कालवरी आणि कबरेचं ऐकायचं होतं. ती चिलापीबद्दल थोडं बोलली, बाकी सगळा वेळ बेथेस्दा. शेवटी तिनं पुस्तकातून एक कागद काढला. ज्यांचं कुणी नाही अशा पेशंटांना डबा पोचवायचे वार त्यावर लिहिले होते आणि प्रत्येक वारापुढे नावंही होती. कुणाला विचारलेलं नव्हतं. गुरुवार माझ्याकडे आहे.

नमस्कार.