खालच्या माइकचं बटण

नमस्कार श्रोतेहो. स्टुडिओत ड्रमसेट आला की मी आधी माइक लावत नाही, स्नेअरपाशी, म्हणजे तळाला तारा लावलेल्या छोट्या ड्रमपाशी, गुडघे टेकून बसतो. हातात ड्रमची चावी, आणि प्रत्येक स्क्रूजवळ बोटाने हलकी टिचकी. एका जागीही सूर उतरलेला असला, तर ड्रम नको तितका वेळ गुंजत राहतो. तबलजी हातोडीने एकेक घर सुरात आणतो ना, तेच हे काम. इथे आळस केला तर पुढे कितीही महागडी यंत्रं लावा, आवाज साफ होत नाही.

किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचंही तेच. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जेफ एमरिक या जेमतेम वीस वर्षांच्या इंजिनिअरने बीटल्सच्या रिंगो स्टारच्या किक ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ नेला. घुमणं गेलं, नुसतं ‘धप्’ उरलं. आम्ही उशी टाकतो ती याचसाठी. फक्त ती ठासून भरू नका, ड्रमचा जीव जातो.

आता खरी गोम. एका रात्री आठ माइक लावले होते. एकेक ऐकला की उत्तम. सगळे एकदम उघडले की स्नेअरचं पोटच गायब. पोरगा जीव तोडून वाजवत होता, आणि मला ऐकू येत होता पत्र्याचा डबा. तासभर ईक्यूशी, म्हणजे आवाजातला खर्ज-तार कमीजास्त करणाऱ्या बटणांशी, झटलो. चूक होती फेजची, म्हणजे दोन माइकांतल्या लहरी एकमेकींच्या उलट चालल्या होत्या. काठी पडली की स्नेअरची वरची आणि खालची, दोन्ही पानं खाली जातात. म्हणजे वरच्या माइकपासून पान लांब पळतं, तर खालच्या माइकच्या अंगावर येतं. दोन्ही आवाज एकमेकांना खातात. खालच्या माइकचं, लहर उलटी करणारं फेजचं बटण दाबलं, आणि स्नेअर समोर येऊन उभा राहिला. पोरगा वाजवायचा थांबला आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून डोक्यावरच्या दोन माइकांचं स्नेअरपासूनचं अंतरही मी सुतळीने मोजून सारखं ठेवतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एवढ्या फरकानेही ठोका विसविशीत होतो. जोराचा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, २०-३० मिलिसेकंद ठेवा, ठोक्याचं टोक आधी सुटू दे.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय. ऐका, आधी बटण न दाबता, मग दाबून.